शुक्राशयात शुक्राणू नसतात: प्रजननसंस्था समजून घेताना या चुका टाळा

दहावीच्या विज्ञानाचे पेपर तपासताना एक आकृती मला दरवर्षी भेटते. मधे गर्भाशय, दोन्ही बाजूंना नळ्या आणि नळ्यांच्या टोकाला घट्ट चिकटवलेली दोन अंडाशयं, वेलीला द्राक्षं लागावीत तशी. नावं बरोबर, रेषा सुबक, शुद्धलेखनही बिनचूक. अशा आकृतीचा अर्धा गुण कापायचा की सोडून द्यायचा, यावर आम्हा परीक्षकांचा चहाच्या वेळी हमखास वाद होतो. मी कापतो. ते चिकटणं शरीरात नसतंच, आणि ते नसण्यावर बरंच काही अवलंबून आहे.

हा धडा मी वीसेक वर्षं शिकवतोय. त्यातली पहिली दोन-तीन वर्षं ‘हा भाग घरी वाचून या’ म्हणून मोकळा झालो होतो, हे कबूल करतो. पुढे जुने विद्यार्थी लग्नं झाल्यावर फोन करू लागले. रात्री, दबक्या आवाजात. मुलींचे फोन बायकोकडे यायचे आणि ती पलीकडच्या खोलीतून येऊन मला विचारायची, ‘अहो, हे नक्की काय असतं?’ प्रश्न ऐकला की कळायचं, ही तर उत्तरपत्रिकेतलीच चूक. फक्त आता गुणांऐवजी पैसे आणि झोप जात होती.

या चुका अज्ञानातून होतात त्याहून जास्त आपल्या रोजच्या शब्दांतून आणि पुस्तकातल्या सपाट आकृतीतून होतात, असं माझं मत झालंय. म्हणून सुरुवात त्या आकृतीपासूनच.

अंडाशय आणि नळी यांच्यातली फट

अंडाशय बदामाएवढं असतं, साधारण 3 सेंटिमीटर लांब. ते एका दोरीसारख्या बंधाने गर्भाशयाला बांधलेलं असतं. अंडनलिका मात्र त्याला आतून जोडलेली नसते. नळीच्या टोकाला झालर असते, तिचा एखादा पदर अंडाशयाला टेकलेला असतो एवढंच. अंडं बाहेर पडतं ते पोटाच्या पोकळीत, आणि ही झालर त्याला आत ओढून घेते. कधीकधी उजव्या अंडाशयाचं अंडं डावी नळीही टिपते. एका बाजूचं अंडाशय आणि दुसऱ्या बाजूची नळी काढलेल्या बायकांनाही दिवस गेल्याची उदाहरणं आहेत. आकृतीत दोन्ही चिकटवून टाकली की हे समजायचा रस्ताच बंद होतो.

या फटीचा दुसरा अर्थ असा, की योनीपासून गर्भाशय, नळी आणि थेट पोटाच्या पोकळीपर्यंत रस्ता उघडा आहे. पुरुषात तसा उघडा रस्ता नाही. म्हणून खालून चढलेला जंतुसंसर्ग बाईच्या ओटीपोटात पसरू शकतो आणि नळ्या आतून चिकटवून बंद करू शकतो.

याच आकृतीतली पुढची चूक म्हणजे ‘गर्भधारणा गर्भाशयात होते’ हे वाक्य. अंडं आणि शुक्राणू यांची गाठ पडते नळीच्या रुंद भागात. फलित अंडं सहा-सात दिवसांनी गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला लागतं. वाटेतच अडकून नळीत रुजलं, तर तो गर्भ तिथे वाढू शकत नाही, नळी फुटू शकते. पाळी चुकलेली, चाचणीवर दोन रेघा, आणि ओटीपोटात एका बाजूला कळ, थोडा रक्तस्राव, चक्कर असं असेल, तर ‘पहिल्या महिन्यात होतंच असं’ म्हणून पडून राहू नये. त्याच दिवशी सोनोग्राफी असलेला दवाखाना गाठावा. रात्र असली तरी.

नावावर जाऊ नका

जलाशयात पाणी, म्हणून शुक्राशयात शुक्राणू. मुलं अशीच लिहितात आणि त्यांना दोष देता येत नाही. शरीरशास्त्रज्ञांनीही एके काळी हेच मानून ते नाव ठेवलं. प्रत्यक्षात शुक्राशय ही ग्रंथी आहे, मूत्राशयाच्या मागे दोन असतात, आणि वीर्याचा 60-70 टक्के द्रव त्या बनवतात. त्यात फ्रुक्टोज असतं, शुक्राणूंची शिदोरी. उरलेला बराचसा द्रव प्रोस्टेटचा. सगळ्या वीर्यात शुक्राणूंचा वाटा फक्त 2 ते 5 टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, नसबंदीच्या वेळी लागेल.

मग शुक्राणू थांबतात कुठे? अधिवृषणाच्या शेपटीत. अधिवृषण वृषणाच्या मागे चिकटलेलं असतं, बोटाच्या पेराएवढं दिसतं, पण त्यातली गुंडाळलेली नळी सरळ केली तर सुमारे 6 मीटर भरते. नऊवारी साडी जेमतेम 8 मीटरची, आता अंदाज करा. वृषणातून निघालेल्या शुक्राणूंना धड पोहता येत नाही. ते या नळीत मुरतात, मग चालते होतात.

पुढची शुक्रवाहिनी विद्यार्थी वृषणापासून थेट शिश्नापर्यंत सरळ काढतात, कारण तेच जवळचं दिसतं. खरी वाट भलती लांबची आहे. ती जांघेतून वर पोटात शिरते, मूत्राशयाला वळसा घालून मागे येते, तिथे शुक्राशयाची नळी तिला मिळते, आणि मग ती प्रोस्टेटमधून मूत्रमार्गात उघडते. हा द्राविडी प्राणायाम का? कारण गर्भात वृषणं तयार होतात मूत्रपिंडांच्या शेजारी आणि जन्माआधीच्या महिन्यांत खाली उतरतात, आपली नळी, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू मागे ओढत. मुतखड्याची कळ जांघेत आणि वृषणात मारते ती या जुन्या शेजारामुळे. डाव्या वृषणाची शीर आजही डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जाऊन काटकोनात मिळते, आणि फुगलेल्या शिरांचा त्रास डाव्या बाजूला जास्त दिसतो त्याचं एक कारण हेच. समोरून काढलेल्या आकृतीत हा वळसा दिसत नाही. बाजूने काढलेली आकृती शेजारी ठेवूनच शिका.

‘अंडकोश’ हा शब्द तर मी वर्गात बंदच केलाय. कुणी तो वृषणासाठी वापरतो, कुणी त्या बाहेरच्या पिशवीसाठी, आणि वर्तमानपत्रात तो बायकांच्या ओव्हरीसाठीही छापून येतो. एका विद्यार्थ्याच्या आईला ‘अंडकोशात गाठ’ असं सांगितलं गेलं, तेव्हा तो पोरगा घाबरून मला विचारायला आला, की बाईला ते असतं का. वृषण, वृषणकोश आणि अंडाशय असे तीन वेगळे शब्द वापरा, भानगडच उरत नाही.

तीच गत ‘गर्भपिशवी’ची. पिशवी म्हटलं की पोकळ, सैल, काहीतरी भरायची वस्तू डोळ्यांपुढे येते. गर्भाशय हा जाड स्नायू आहे, 7.5 सेंटिमीटर लांब, 5 रुंद, अडीच जाड, आणि आतली पुढची-मागची भिंत एकमेकींना टेकलेली. बहुतेकींचं ते पुढे, मूत्राशयावर वाकलेलं असतं. साधारण पाचातल्या एकीचं मागे कललेलं असतं. सोनोग्राफीच्या कागदावर ते लिहून आलं की घरात ‘हिची पिशवी उलटी आहे’ अशी कुजबुज सुरू होते आणि मूल न होण्याचं खापर त्यावर फुटतं. कुणाची डावखुरी सही असावी तसा तो फरक. नुसत्या कलामुळे दिवस जायचे राहत नाहीत.

नसबंदीतली ‘नस’

या शब्दाने पुरुषांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं क्वचितच कुठल्या शब्दाने केलं असेल. नस म्हणजे लोकांच्या मनात ताकदीची तार. ती कापली की गडी संपला. प्रत्यक्षात कापली-बांधली जाते ती शुक्रवाहिनी, म्हणजे वर सांगितलेली लांबची नळी. मज्जातंतू नाही, शीर नाही.

पुरुषपणाचं संप्रेरक टेस्टोस्टेरॉन हे वृषणातल्या वेगळ्या पेशी बनवतात आणि थेट रक्तात सोडतात. त्याचा शुक्रवाहिनीशी संबंध नाही. त्यामुळे नसबंदीनंतर दाढी, आवाज, इच्छा, ताठरता सगळं जिथल्या तिथे राहतं. वीर्यही जवळजवळ तेवढंच येतं, कारण त्यातला शुक्राणूंचा वाटाच मुळात 2 ते 5 टक्के. बैलाच्या खच्चीकरणाशी नसबंदीची तुलना गावात सर्रास होते. तिथे वृषणच निकामी करतात. इथे वृषण काम करतच राहतं, तयार झालेले शुक्राणू शरीर जिरवून टाकतं.

खरी चूक वेगळीच होते, आणि ती महागात पडते. शस्त्रक्रिया झाली, आठवड्यात टाका सुकला आणि लगेच निरोध बंद केला. नळीच्या पुढच्या भागात आधीचे शुक्राणू शिल्लक असतात. साधारण 3 महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून ‘शुक्राणू नाहीत’ असा अहवाल हातात आल्यावरच थांबायचं. हे न सांगितल्यामुळे किंवा न ऐकल्यामुळे राहिलेल्या गर्भावरून बायकोवर संशय घेतल्याचं मी जवळून पाहिलंय.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री नसबंदीचं प्रमाण सुमारे 38 टक्के आणि पुरुष नसबंदीचं 0.3 टक्के होतं. पुरुषाची शस्त्रक्रिया वृषणकोशाच्या कातडीखाली होते, बाईची पोट उघडून किंवा दुर्बिणीतून. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं 1921 मध्ये. शंभर वर्षांनंतरचा हा आकडा.

नसेवरून आठवलं. एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘नसांची कमजोरी’ रंगवलेली असते. शिश्नात हाड नसतं, ताठरता येते ती दोन स्पंजासारख्या कांड्यांत रक्त भरून अडून राहिल्यामुळे. म्हणून चाळिशी-पन्नाशीत हा त्रास सुरू झाला तर साखर, रक्तदाब आणि हृदय तपासायचं असतं, कारण तिथल्या धमन्या बारीक आणि म्हणून आधी कुरकुरतात. भिंतीवरच्या नंबराला फोन करणारा नेमकी हीच तपासणी चुकवतो. आणि ‘स्वप्नदोष’! दोष हा शब्द आपणच चिकटवला. वृषणं रोज कोट्यवधी शुक्राणू बनवतात. झोपेत वीर्य गेल्याने धातू, हाडं, बुद्धी काहीही झिजत नाही. रक्ताच्या 40 थेंबांपासून वीर्याचा एक थेंब होतो हे गणित शरीरात कुठेच नाही.

14 वा दिवस कुणाचा?

सगळ्यात जास्त फोन याच विषयाचे. पुस्तकात 28 दिवसांचं चक्र असतं आणि 14 व्या दिवशी अंडमोचन. हे उदाहरण होतं, मुलं त्याचा नियम करून टाकतात.

नियम असा, की अंडं बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी. अंडं सुटल्यानंतरचं अर्धं चक्र बऱ्यापैकी ठरलेलं असतं, कारण अंडं निघून गेल्यावर मागे राहिलेला पीतपिंड जेमतेम दोन आठवडे जगतो. तो प्रोजेस्टेरॉन सोडत राहतो तोवर अस्तर टिकतं, तो सुकला की अस्तर सुटतं. कमी-जास्त होतो तो अंडं सुटण्याआधीचा भाग. त्यामुळे 35 दिवसांचं चक्र असेल तर अंडं येईल 21 व्या दिवसाच्या आसपास. 21 दिवसांचं असेल तर 7 व्याच दिवशी.

आता यातून होणाऱ्या दोन उलट चुका बघा. मूल हवं असलेलं जोडपं, बाईचं चक्र 35 दिवसांचं, आणि दोघं नेमाने 12 ते 15 या तारखा पाळतात. वर्ष जातं. दुसरीकडे मूल नको असलेलं जोडपं ‘पाळीत काही होत नाही’ म्हणून निर्धास्त. बाईचं चक्र 21-22 दिवसांचं असेल तर पाळीच्या शेवटच्या दिवसांतला संबंधही पुरेसा ठरतो, कारण शुक्राणू आत 5 दिवसांपर्यंत जगू शकतात. अंडं मात्र 12 ते 24 तास. म्हणूनच हवं असेल तर अंडमोचनाच्या आधीचे दिवस महत्त्वाचे, नंतरचे नाहीत. मेडिकलमध्ये मिळणारी अंडमोचनाची पट्टी लघवीतलं पीतपिंडकारी संप्रेरक दाखवते. ती उजळली की पुढच्या 24 ते 36 तासांत अंडं सुटायची शक्यता असते. ताण, ताप, प्रवास यांनी ते पुढे-मागे होतं, म्हणून ‘सुरक्षित दिवस’ हे साधन मी कुणालाच सुचवत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. डॉक्टर ‘शेवटची पाळी कधी?’ विचारतात तेव्हा त्यांना पाळी सुरू झाल्याची तारीख हवी असते. निम्म्या जणी संपल्याची सांगतात. पाच दिवसांचा घोळ तिथेच होतो. मोबाइलमध्ये पहिल्या दिवसाची नोंद ठेवायची, बस.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे एका घरात महिनाभर अबोला झाला. लग्न 5 मेला. 9 जूनला सोनोग्राफीत लिहून आलं, 6 आठवड्यांचा गर्भ. लग्नाला आठवडे झाले होते 5. नवऱ्याने बोटं मोजली, त्याच्या आईनेही मोजली, आणि सुनेकडे बघायची नजर बदलली. तो माझा विद्यार्थी, निदान फोन तरी केला. मी त्याला विचारलं, तिची शेवटची पाळी कधी सुरू झाली? 28 एप्रिलला. मग हिशेब तिथून धरतात. 28 एप्रिल ते 9 जून 42 दिवस, म्हणजे 6 आठवडे. अंडं सुटलं असेल 12 मेच्या आसपास, लग्नानंतर आठवड्याने. गर्भाचं खरं वय 4 आठवडे. गरोदरपणाचे 40 आठवडे, म्हणजे 280 दिवस, पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण ती तारीख बाईला माहीत असते. अंडं कधी सुटलं हे कुणाला दिसतं? त्यामुळे पहिले दोन आठवडे बाई गरोदर नसतेच, तरी ते मोजले जातात. प्रसूतीची तारीख काढायलाही 28 एप्रिलमध्ये 9 महिने 7 दिवस मिळवायचे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बाळ आलं. आजी आता त्याला खाली ठेवत नाही.

तपासणी तिची आधी का?

बी पुरुषाचं, बाई म्हणजे शेत. ही उपमा इतकी जुनी आहे की आपल्याला ती उपमा वाटतच नाही. युरोपही यातून सुटला नव्हता. डच संशोधक लेव्हेनहूकने 1677 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले, आणि 1694 मध्ये हार्टसूकरने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला चिमुकला माणूस काढून दाखवला. सस्तन प्राण्याचं अंडं प्रत्यक्ष दिसलं ते 1827 मध्ये, कार्ल एर्न्स्ट फॉन बेअरला, कुत्रीच्या अंडाशयात. खरं म्हणजे माणसाचं अंडं शरीरातल्या सर्वांत मोठ्या पेशींपैकी आहे, सुमारे 0.1 मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखं दिसावं इतकं. गुणसूत्रं दोघांची 23-23. उलट पेशीतली ऊर्जाघरं, म्हणजे तंतुकणिका, येतात त्या आईकडूनच. मुलगा की मुलगी हे ठरतं बापाकडून एक्स आला की वाय यावर, हे दहावीचं पोरही सांगतं आणि बाळंतिणीच्या खाटेशी उभे असलेले मोठे विसरतात.

शेताच्या या उपमेमुळे आजही मूल होत नाही म्हटलं की आधी शेत तपासलं जातं. बाईच्या रक्ताच्या तपासण्या, नळ्यांत औषध सोडून एक्स-रे, दुर्बीण, आणि वर्ष-दीड वर्षाने कुणीतरी दबकत म्हणतं, ‘ह्यांचंही एकदा बघू का?’ वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा दोघांचं मिळून, असतं. आणि वीर्यतपासणी ही सगळ्यांत स्वस्त, बिनटोचणीची चाचणी. ती पहिल्याच खेपेला व्हायला हवी.

तीही नीट दिली नाही तर आकडा खोटा येतो. आधी 2 ते 7 दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. त्याहून कमी दिवस ठेवले तर संख्या कमी दिसते, जास्त ठेवले तर मेलेले शुक्राणू वाढतात. साध्या निरोधमध्ये नमुना धरू नये, त्यातलं वंगण शुक्राणूंना मारू शकतं. घरून नेणार असाल तर तासाभरात पोहोचवा, डबी फ्रिजमध्ये किंवा डिकीत न ठेवता अंगालगत खिशात ठेवा. पहिला थेंब सांडला असेल तर लाजू नका, सांगा. सर्वाधिक शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख शुक्राणू आणि 1.4 मिलिलिटर वीर्य अशी आहे. पण एका अहवालावरून हातपाय गाळायचे नाहीत. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे आज कमी आलेला आकडा दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या डेंग्यूच्या तापाचाही असू शकतो. चाचणी पुन्हा करायची असते.

वृषणांना शरीरापेक्षा 2-3 अंश थंडावा लागतो, म्हणून तर ती बाहेर टांगलेली. मांडीवर तासन्‌तास लॅपटॉप आणि भट्टीजवळची कामं यांचा विचार डॉक्टरांशी बोलताना करावा.

इथेच नव्या पिढीची एक चूक. जिममध्ये कुणाच्या तरी सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. मुलांना वाटतं पुरुषी संप्रेरक वाढलं की शुक्राणूही वाढतील. होतं उलटं. रक्तात बाहेरचं टेस्टोस्टेरॉन दिसलं की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी वृषणांना हुकूम देणं थांबवते, वृषणं कामावरून सुटतात आणि वीर्यात शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. दंड फुगलेला आणि अहवाल रिकामा. इंजेक्शनं थांबवल्यावर बहुतेकांचं मूळपदावर येतं, पण महिने जातात.

‘पिशवी काढली’

या दोन शब्दांत नेमकं काय काढलं हे कुणीच विचारत नाही. गर्भाशय आणि अंडाशय हे वेगळे अवयव आहेत. गर्भाशयातून रक्त येतं; संप्रेरकं देतं ते अंडाशय. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण अंडाशयं काम करत राहतात. तिशी-पस्तिशीत अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद पडतं. अंगातून वाफा, झोप उडणं, सांधे धरणं, हाडं ठिसूळ होणं, सगळं दहा-पंधरा वर्षं आधी.

बीडच्या ऊसतोड बायकांमध्ये कमी वयात गर्भाशय काढण्याचं प्रमाण फार असल्याचं 2019 मध्ये गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिथे चूक बायकांची म्हणायला जीभ वळत नाही. कोयत्यावर जाणाऱ्या जोडप्याने मुकादमाची उचल घेतलेली, पाळीत एक खाडा झाला तर पैसे कापणार, फडात ना आडोसा ना पाणी. अंगावरून पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘पिशवी सडलीय, कॅन्सर होईल’ म्हणून सांगितलं, की ती दागिना मोडते. पांढरं पाणी चक्राबरोबर कमी-जास्त होणं हा गर्भाशयमुखाचा रोजचा व्यवहार आहे. वास, खाज, रंग बदलला तर संसर्ग, आणि त्यावर गोळ्या असतात.

ज्यांच्या घरात हा निर्णय समोर आलाय त्यांनी दोन प्रश्न विचारावेत. गोळ्या किंवा तांबीसारखं आत बसवायचं, पण संप्रेरक सोडणारं साधन वापरून बघितलं का? आणि अंडाशयं ठेवणार की काढणार? झालेल्या शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. त्यावर ‘टीएएच’ असेल तर पोटावरून गर्भाशय काढलंय. पुढे ‘बीएसओ’ जोडलेलं असेल तर दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयंही गेलीत. हाडांचा डॉक्टर पुढे दहा वर्षांनी हेच विचारतो आणि तेव्हा कुणाला आठवत नाही.

कुटुंबनियोजनाच्या टाक्यांची शस्त्रक्रिया यातली काहीच नव्हे. तिथे फक्त नळ्या बंद होतात. पाळी येत राहते, अंडंही दरमहा सुटतं आणि पोटात जिरून जातं.

चटकन सांगण्यासारख्या काही

बाईला खाली तीन वाटा असतात: लघवीची, योनीची, शौचाची. विवाहित पुरुषांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे, याची मी मोजदाद सोडून दिलीय. लघवीची वाट बाईत जेमतेम 4 सेंटिमीटर, पुरुषात 20 च्या आसपास, म्हणून जंतू तिच्यात लवकर चढतात. शौचानंतर पुढून मागे धुवायचं ते याचसाठी.

योनीच्या वरच्या टोकाला गर्भाशयमुख असतं, आणि त्याचं छिद्र अगदी बारीक असतं. कप किंवा टॅम्पॉन आत ‘हरवून’ पोटात जात नाही. उकिडवं बसा, श्वास सोडा, हाताला लागेल.

योनिपटल हा पडदा नसून कडेने असलेली घडी आहे. त्याच्या स्थितीवरून संबंध आले होते की नव्हते हे डॉक्टरही सांगू शकत नाही. दोन बोटांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पुन्हा बजावलं.

पाळीचं रक्त घाणेरडं नसतं. शिरेतलंच रक्त, त्यात सुटलेलं अस्तर आणि स्राव. त्यातलं रक्त एका पाळीत साधारण 30-40 मिलिलिटर, चहाचे सात-आठ चमचे. 80 च्या वर गेलं तर जास्त. मोजणार कोण? दर तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर हिमोग्लोबिन तपासा.

जिथे थांबायचं नाही

मुलाच्या वृषणकोशात एकच गोळी लागते, आणि आजी सांगते, ‘उतरेल मोठेपणी.’ सहा महिन्यांनंतर आपोआप उतरायची शक्यता फार कमी. सहा ते अठरा महिन्यांत शस्त्रक्रिया झालेली चांगली, कारण पोटाच्या उबेत वृषण बिघडत जातं आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. बाळाला कोमट पाण्यात आंघोळ घालताना हात लावून बघा, थंडीत ती वर ओढली जातात.

पौगंडातल्या मुलाच्या एका वृषणात अचानक असह्य कळ, उलटी. क्रिकेटचा चेंडू लागला असेल, सकाळी बघू, असं होतं. मुलगाही लाजून सांगत नाही. वृषण स्वतःभोवती पिरगळलं असेल तर रक्तपुरवठा तुटतो आणि ते वाचवायला साधारण 6 तास मिळतात. वर्गात मी हे मुलामुलींसमोर एकत्र सांगतो, कारण पुढे त्यांतल्या कुणी आया होतील आणि दार उघडून गाडी काढणाऱ्या त्याच असतील.

आणि शेवटची, पुन्हा शब्दाचीच. पंचावन्न-साठीतल्या मावशी हसत सांगतात, ‘अगं, मला पुन्हा पाळी सुरू झाली, म्हातारी तरणी झाली!’ पाळी सलग 12 महिने बंद राहिली की अंडाशयांचं काम संपलेलं असतं. त्यानंतर दिसलेला एक डागसुद्धा पाळी नसते. बहुतेकदा कारण साधंच निघतं, कधी अस्तराचा कर्करोग, जो लवकर सापडला तर बरा होतो. तिला त्याच आठवड्यात घेऊन जा, आणि केसपेपरवर ‘पाळी’ असं लिहू देऊ नका.